जर्मन गणवेशावरचा रंगीत गोट कसा वाचायचा

जर्मन सैनिकाचा जुना फोटो पाहताना नजर आधी जाते ती गरुडावर, पदकांवर, बुटांवर. तो माणूस तोफेवर होता, संदेशवहनात होता की रणगाड्यात, हे मात्र सांगते खांद्यावरच्या पट्टीला कडेने शिवलेली एक रंगीत कड. जाडी सुमारे 2 मिलिमीटर. शिंपी जिला गोट किंवा पायपिंग म्हणतात तीच ही. जर्मनीत या रंगाला 'वाफेनफार्बे' म्हणतात. सैनिक लष्कराच्या ज्या शाखेत आहे, त्या शाखेला ठरवून दिलेला हा रंग.

रंगांचे तक्ते इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. तक्ता पाठ झाला की काम झालं असं वाटतं आणि तिथेच बहुतेक जण फसतात. एकाच रंगाचा अर्थ भूदलात एक, हवाई दलात दुसरा. 1938 मध्ये एक, 1943 मध्ये दुसरा. म्हणून गणवेश कोणत्या दलाचा, साधारण कोणत्या वर्षातला, रंग नेमका कुठे लागलाय आणि त्याच्याजवळ कोणतं अक्षर किंवा आकडा आहे, हे पाहिल्याशिवाय नुसत्या रंगावरून काही ठरवू नये.

ही पद्धत सगळ्यात बारकाईने वापरली गेली ती 1935 ते 1945 या काळात, नाझी राजवटीच्या लष्करात. अभ्यासकांपुढे, संग्राहकांपुढे आणि छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांपुढे येणारं बरंचसं साहित्य त्याच काळातलं असतं. त्यामुळे आधी तिथलं भूदल घेऊ.

रंग शाखेचा, हुद्दा घडणीचा

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: रंगावरून हुद्दा कळत नाही. शिपाई आणि कर्नल एकाच शाखेत असतील तर दोघांचा रंग एकच. हुद्दा सांगते ती पट्टीची घडण.

शिपायाच्या खांद्यावर साधी कापडी पट्टी असते, कडेने रंगीत गोट. हुद्दा वाढून उंटरऑफित्सियर, म्हणजे अधिकाऱ्यांखालच्या हुद्देदारांतला पहिला, झाला की गोटाच्या आत रुपेरी फीत येते, पण ती पट्टीच्या तळाशी, म्हणजे बाहीकडच्या टोकाला, उघडी असते. त्याच्या वरच्या उंटरफेल्डवेबेलची फीत चारी बाजूंनी बंद होते. फेल्डवेबेलला त्या बंद चौकटीत एक तारा, ओबरफेल्डवेबेलला दोन, श्टाब्सफेल्डवेबेलला तीन.

अधिकाऱ्याची पट्टी मुळातच निराळी. तिथे रुपेरी दोरी दुहेरी वळवून सपाट बसवलेली असते आणि रंग तिच्या खालच्या कापडी अस्तरात असतो. दोरीच्या बाहेर त्याची कड तेवढी डोकावते. तारा नसेल तर लेफ्टनंट, एक सोनेरी तारा असेल तर ओबरलेफ्टनंट, दोन असतील तर कॅप्टन. मेजरपासून ही दोरी सपाट न राहता तिचा गोफ विणलेला दिसतो. नुसता गोफ म्हणजे मेजर, एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन तारे कर्नल. जनरलच्या गोफात सोनेरी आणि रुपेरी दोऱ्या एकत्र असतात आणि खालचं अस्तर लाल असतं.

आता एक पट्टी प्रत्यक्ष वाचून पाहू. कापड करडं-हिरवं आहे. कडेला गुलाबी गोट आहे, आत रुपेरी फीत चारी बाजूंनी बंद आहे, मधे एक पांढुरक्या धातूचा चौकोनी तारा आहे आणि ताऱ्याजवळ गॉथिक वळणाचं 'पी' अक्षर आहे. बंद फीत आणि एक तारा, म्हणून हुद्दा फेल्डवेबेल. गुलाबी म्हणजे रणगाडा दल, असं म्हणून इथे थांबलात तर चुकाल. रणगाडाविरोधी तुकड्यांनाही गुलाबीच रंग होता आणि त्यांच्या पट्टीवर हेच 'पी' असायचं. तेव्हा हा माणूस रणगाड्यात बसणारा नसून रणगाडे फोडणाऱ्या तोफेवरचा आहे.

मुख्य रंग

पायदळाचा रंग पांढरा. तोफखान्याचा भडक लाल. पूल बांधणाऱ्या, सुरुंग पेरणाऱ्या आणि काढणाऱ्या पायोनियरांचा काळा. संदेशवहनाचा लिंबूपिवळा, घोडदळाचा सोनपिवळा. रणगाड्यांचा गुलाबी. यंत्रवाहनांतून जाणाऱ्या पायदळाचा, ज्याला पुढे पांत्सरग्रेनाडियर हे नाव मिळालं, गवती हिरवा. डोंगरी पलटणी आणि येगर, म्हणजे हलकं पायदळ, यांचा फिका हिरवा. पुरवठा आणि वाहतूक फिकट निळा, वैद्यकीय शाखा त्याहून गडद निळा. धूर सोडणाऱ्या आणि पुढे रॉकेट डागणाऱ्या तुकड्यांना डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद तांबडा. लष्करी पोलीस नारिंगी. लष्करी पाद्री जांभळा. लष्करातल्या मुलकी कर्मचाऱ्यांना गडद हिरवा.

यातल्या येगरांच्या हिरव्याला जुना आधार आहे. अठराव्या शतकात प्रशियाने येगर तुकड्या उभारल्या त्या वनरक्षक आणि शिकारी यांच्यातून, आणि त्यांचा पोशाख हिरवाच होता. रणगाड्यांच्या गुलाबीबद्दल मात्र अनेक रंजक कथा फिरतात. त्यांची गरज नाही. रणगाडा दल ज्या मोटार वाहन शाखेतून वाढलं, तिचा रंग आधीपासून गुलाबी होता आणि तो वारशाने आला.

किरमिजी रंग सगळ्यात जास्त घोटाळा करतो. तो जनरल स्टाफच्या अधिकाऱ्यांचा, म्हणजे युद्धाच्या योजना आखणाऱ्यांचा. आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचाही. दोघांच्या कामात काडीचाही संबंध नाही. फरक ओळखायला पशुवैद्याच्या पट्टीवर धातूचा नुसता साप शोधायचा. सापासोबत दंडही असेल तर तो माणसांचा डॉक्टर, आणि मग त्याचं अस्तर निळं असलं पाहिजे. जनरल स्टाफच्या अधिकाऱ्याच्या विजारीला किरमिजी पट्टे असतात, तेही फोटोत बघून घ्यावेत.

तसंच लाल. तोफखान्यातल्या लेफ्टनंटच्या दोरीखाली लाल आणि जनरलच्या गोफाखालीही लाल. जनरल पूर्वी तोफखान्यात होता की पायदळात, हे त्या लालवरून कळत नाही.

रंग शाखेचा आहे, डिव्हिजनचा नाही

पांत्सर डिव्हिजन म्हटली की सगळे गुलाबी गोटात रंगवायचे, ही प्रतिकृती करणाऱ्यांची नेहमीची चूक. रणगाडा डिव्हिजनमध्ये रणगाड्यांपेक्षा इतर माणसंच जास्त असतात. तिच्यातला तोफखाना लालच राहतो, संदेशवहन लिंबूपिवळंच, पायदळ हिरवं. तिच्यातल्या पायोनियरांना काही काळ काळा-पांढरा पिळाचा गोट होता, म्हणजे दोन रंगांचे धागे एकत्र वळलेले. हा गोट दुरून करडा दिसतो.

पायदळाच्या रेजिमेंटमधला डॉक्टर निळाच रंग लावायचा, पण त्याच्या हाताखालचा साधा परिचारक सैनिक रेजिमेंटचा पांढरा गोट लावायचा. त्याचं काम कळायचं ते बाहीवरच्या साप-दंडाच्या खुणेवरून.

परंपरेपायी नियमाला बगल दिल्याचंही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्या घोडदळ डिव्हिजनमधून 24वी पांत्सर डिव्हिजन तयार झाली, तेव्हा तिच्या रणगाडेवाल्यांनी गुलाबी न घेता घोडदळाचा सोनपिवळा कायम ठेवला. काळा रणगाडा गणवेश आणि त्यावर सोनपिवळा गोट दिसला, तर 'खोटा आहे' म्हणण्याआधी ही डिव्हिजन आठवावी.

काळानुसार बदल

रंगाची गरज मुळात पडली ती धुरामुळे. जुन्या बारुदीच्या काळात रणांगण धुराने भरून जायचं आणि आपली पलटण कुठे आहे हे सेनापतीला दुरून दिसायला हवं असायचं. प्रशियाचा सैनिक गडद निळ्या कोटात असायचा आणि त्याच्या खांदपट्टीचा रंग पायदळात आर्मी कोअरप्रमाणे, म्हणजे तो ज्या मोठ्या सैन्यगटात असे त्याप्रमाणे, ठरायचा. बिनधुराची बारूद आणि लांब पल्ल्याच्या रायफली आल्यावर तेच दिसणं जिवावर बेतायला लागलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात करडा-हिरवा रणवेश आला आणि रंग अंगभर पसरण्याऐवजी कडेपुरता उरला.

पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, सप्टेंबर 1915 मध्ये, गणवेशाची मोठी फेररचना झाली. पायदळाच्या पट्टीला आता कोअरप्रमाणे वेगवेगळा नाही, तर सरसकट पांढरा गोट आला. शाखा तितके रंग, हे आजचं गणित तिथून पक्कं होत गेलं. युद्धानंतरच्या छोट्या जर्मन लष्कराने, म्हणजे राइशवेअरने, ते पुढे चालवलं आणि 1935 नंतरच्या लष्कराने त्यात नव्या शाखांची भर घातली.

पुढच्या दहा वर्षांत रंग हळूहळू पुन्हा आकसत गेला. सुरुवातीला तो टोपीवर होता, कॉलरवर होता, खांद्यावर होता. समारंभाच्या कोटावर तर पुढची कड, बाह्यांची टोकं, विजारीची शिवण, सगळीकडे. रणवेशावर मात्र शिपायाच्या कॉलरवरच्या दोन समांतर पट्ट्यांमधली रंगीत रेघ युद्धापूर्वीच काढून तिथे सर्वांना एकसारखी गडद हिरवी आणि नंतर करडी रेघ देण्यात आली. अधिकाऱ्यांच्या कॉलरवर ती रंगीत रेघ राहिली. मऊ रणटोपीवर बिल्ल्याच्या वर उलट्या 'व्ही'सारखी रंगीत दोरी असायची, ती 1942 मध्ये रद्द झाली. रणगाडेवाल्यांच्या काळ्या कोटाच्या कॉलरभोवतीचा गुलाबी गोटही त्याच सुमारास बंद झाला. कारणं साधी होती: कापड, मजुरी आणि वेळ वाचवायचा होता. खांद्यावरचा गोट तेवढा शेवटपर्यंत टिकला.

यावरून वर्षाचा अंदाज बांधता येतो, पण एकाच दिशेने: नवी गोष्ट दिसली तर फोटो त्या हुकमानंतरचा, जुनी दिसली म्हणून तो आधीचा ठरत नाही. टोपीवर रंगीत दोरी दिसली म्हणून फोटो 1942 पूर्वीचाच, असं म्हणता येत नाही. जुनी टोपी माणसं पुढे वापरत राहिली. नवा हुकूम आला म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर नवा माल आला, असं कुठल्याच लष्करात होत नाही. मोटारवाल्या पायदळाचा रंग 1939 मध्ये गुलाबीचा गवती हिरवा झाला, तरी गुलाबी पट्ट्या काही लगेच नाहीशा झाल्या नाहीत.

आकड्यांचंही असंच. शांततेच्या काळात पट्टीवर रेजिमेंटचा क्रमांक शाखेच्याच रंगाच्या धाग्याने साखळी टाक्यात भरलेला असे. युद्ध सुरू झाल्यावर तो शत्रूला फुकटची माहिती देणारा ठरला, म्हणून आकडे काढले गेले किंवा वरून कापडी खोळ सरकवून झाकले गेले. रंग मात्र राहिला आणि समोरच्या बाजूचे गुप्तवार्ता अधिकारी त्याचा फायदा घेत. इटलीत जर्मनांसमोर दोस्तांच्या सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. अशा आघाडीवर पकडलेल्या कैद्याच्या खांद्यावर गुलाबी दिसला, तर जवळपास रणगाडे किंवा रणगाडाविरोधी तोफा असण्याची शक्यता त्याने तोंड उघडण्याआधीच कळायची.

दल बदललं की तक्ता बदलला

हवाई दलाचा तक्ता वेगळा. तिथे सोनपिवळा म्हणजे घोडदळ नव्हे, तर उड्डाण शाखा आणि छत्रीधारी सैनिक. लाल म्हणजे विमानविरोधी तोफा. संदेशवहनाला लिंबूपिवळा नाही, सोनेरी झाक असलेला तपकिरी. जनरलना पांढरा. दल ओळखायला कॉलर पाहा. भूदलाच्या कॉलरवर दोन आडव्या समांतर पट्ट्या असतात. हवाई दलाच्या कॉलरवर शाखेच्याच रंगाचा अख्खा कापडी तुकडा आणि त्यावर पंखांच्या खुणा. छत्रीधारी सैनिक जमिनीवर लढत असल्यामुळे त्यांना भूदलाच्या तक्त्यात शोधणारे बरेच असतात. ते हवाई दलाचे होते.

वाफेन-एसएस, म्हणजे नाझी पक्षाच्या एसएस संघटनेचं लढाऊ दल. त्यांच्या कॉलरवरचे तुकडे काळे, शाखेचा रंग फक्त खांद्यावर. त्यांच्या अधिकाऱ्यांच्या पट्टीखाली दोन अस्तरं दिसतात, तळाला काळं आणि वर रंगीत.

कृष्णधवल फोटोतला रंग

बहुतेक फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा अंदाज करड्या छटेवरून घ्यावा लागतो. इथे फिल्मचा प्रकार ठरवतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. तिच्यावर लाल काळा येतो, सोनपिवळा गडद करडा येतो आणि फिकट निळा चक्क पांढरा वाटतो. पँक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग टिपते, त्यामुळे तिच्यावर लाल मध्यम करडा आणि गुलाबी बराच फिका येतो. त्या काळात दोन्ही फिल्म वापरात होत्या.

फिल्म कोणती, हे फोटोतूनच तपासता येतं. टोपीवरचा गोल बिल्ला मोठा करून बघा. त्याचं बाहेरचं वर्तुळ काळं, मधलं रुपेरी आणि मधोमध लाल ठिपका असतो. लाल ठिपका बाहेरच्या काळ्याइतकाच काळा दिसत असेल, तर फिल्म लाल न ओळखणारी. मग पांढऱ्यासारखी दिसणारी कड पुरवठा शाखेची निळीही असू शकते. ठिपका करडा दिसत असेल, तर फिल्म लाल ओळखणारी. मग पांढरी वाटणारी कड उन्हात फिकट झालेली गुलाबीही असू शकते. पायदळाचा पांढरा मात्र दोन्हींवर पांढराच. छटेवरून एवढंच सांगता येतं. त्यापुढे अक्षर, आकडा, कोटाचा काट आणि मागे उभं असलेलं वाहन बघूनच ठरवावं.

फोटोत खात्री होत नसेल तर संगिनीला बांधलेल्या गोंड्याकडे बघून ठरवू नका. तो रंगीत असतो, पण त्याच्या रंगाचा शाखेशी संबंध नाही. पायदळात तो कंपनी आणि बटालियन सांगतो: पहिल्या कंपनीला पांढरा, दुसरीला लाल, तिसरीला पिवळा, चौथीला निळा, या क्रमाने. लाल गोंडा पाहून माणसाला तोफखान्यात ढकललेलं वारंवार दिसतं.

वस्तू हातात असेल तर

जुना लोकरी गोट उन्हाने, घामाने आणि धुण्याने रंग बदलतो. गुलाबी मळकट पांढरा होतो, डाळिंबी तपकिरीकडे झुकतो, दोन्ही पिवळे एकमेकांसारखे दिसू लागतात. म्हणून उघडा भाग बघून निर्णय घेऊ नये. पट्टी जिथे खांद्याच्या शिवणीत जाते किंवा बटणाखाली दबलेली असते, तिथे मूळ रंग बऱ्याचदा शाबूत मिळतो. तिथला आणि बाहेरचा रंग तंतोतंत सारखा, ताजा आणि एकसंध असेल, तर पट्टी कधीच वापरलेली नाही किंवा नंतर बनवलेली आहे.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चखाली धागा निळसर-पांढरा झगझगला, तर संशय घ्यावा. असा उजेड देणारी रसायनं कापड उद्योगात आणि धुण्याच्या साबणात सर्रास आली ती युद्धानंतर. पण खरी पट्टी कुणी अलीकडे आधुनिक पावडरने धुतली असेल तरी ती झगझगते, आणि न झगझगणारा नवा धागाही बाजारात मिळतो. या एकट्या चाचणीवर पैसे लावू नयेत. जाळून बघण्याची चाचणी तर करूच नये.

1/35 प्रमाणातली प्रतिकृती रंगवताना अडचण मापाची येते. 2 मिलिमीटरचा गोट त्या मापात 0.06 मिलिमीटरच्या आत जातो, म्हणजे ब्रशने काढलेली कुठलीही रेघ जाडच पडणार. रेघ ओढण्याऐवजी आधी अख्खी पट्टी शाखेच्या रंगाने रंगवा, वाळू द्या, मग मधला भाग करड्या-हिरव्याने भरत कडेपर्यंत या आणि केसभर कड सोडा. चुकलं तर करड्यानेच दुरुस्त होतं. शाखेचा रंग डबीतून थेट लावला की तो खेळण्यासारखा भडक दिसतो; त्यात किंचित करडा मिसळावा. अगदी पांढऱ्याऐवजी मळकट पांढरा बरा.

आजचं बुंडेसवेअर

ही पद्धत 1945 मध्ये संपली नाही. पूर्व जर्मनीच्या लष्करानेही शाखांचे रंग ठेवले होते. तिथे मोटारवाल्या पायदळाला पांढरा आणि रणगाड्यांना गुलाबीच होता. 1955 मध्ये उभ्या राहिलेल्या पश्चिम जर्मनीच्या, आणि आता एकत्रित देशाच्या, बुंडेसवेअरमध्ये भूदलाच्या कॉलरवर आजही रंगीत तुकडा असतो. रणगाडे गुलाबी, तोफखाना लाल, पायोनियर काळा, लष्करी पोलीस नारिंगी हे जुनंच. पायदळाला आता हिरवा आहे, आणि पांढरा गेला लष्करी बँडकडे. लष्कराच्या हेलिकॉप्टर शाखेला फिकट करडा. अणू, जैविक, रासायनिक संरक्षणाला डाळिंबी. हवाई दलात सर्वांना सोनपिवळा.

इथला नवा सापळा म्हणजे बेरे टोपी. तिचा रंग वेगळ्या तक्त्याने ठरतो आणि तो कॉलरच्या रंगाशी जुळेलच असं नाही. काळी बेरे रणगाडेवाल्यांची, पण त्यांची कॉलर गुलाबी. काळी कॉलर पायोनियरांची, पण त्यांची बेरे पोवळ्यासारखी लाल. तोफखान्याचीही बेरे तीच. फोटोत बेरे आणि कॉलर दोन्ही दिसत असतील तर शाखा कॉलरवरून ठरवायची. बेरेवरून फार तर शाखांचा गट कळतो.